मराठी व्याकरणाचे भांडवल जर्मनच्या वर्गात चालते का?

१९५९ साली जॉन कॅरल आणि स्टॅन्ली सॅपन या अमेरिकनांनी परभाषा शिकण्याची क्षमता मोजणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. कोणाला भाषा शिकवण्यावर पैसा घालावा आणि कोणाला नको, हे आधीच कळावे म्हणून तिथल्या सरकारी खात्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. तिच्या पाच भागांपैकी चौथ्या भागात परभाषेचा एक शब्दही नाही. इंग्रजीभाषक उमेदवाराला इंग्रजीच वाक्य देतात. त्यातल्या एका शब्दावर खूण असते आणि तो शब्द वाक्यात जे काम करतो, तेच काम पुढच्या वाक्यातला कोणता शब्द करतो ते ओळखायचे असते. मराठीत हे करून पाहा. 'रमेशने दार उघडले' यात 'दार' जे काम करते, ते 'उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे पोटभर आंबे खातात' यात कोण करते? 'कर्म' ही संज्ञा कधी कानावरून न गेलेला माणूसही 'आंबे' म्हणू शकतो. उलट शाळेत व्याकरणात चांगले गुण मिळवलेला एखादा 'पाहुणे' म्हणून मोकळा होतो, कारण पहिल्या वाक्यात क्रियापद दाराच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि दुसऱ्यात पाहुण्यांच्या. असे प्रश्न ज्यांना सुटतात, त्यांना पुढे परभाषाही बऱ्यापैकी लवकर येते, असा या चाचणीचा अनुभव आहे.

आपल्याकडच्या जुन्या वादात हा पुरावा नेमका कोणाच्या बाजूचा, हे सांगणे सोपे नाही. मातृभाषेचे व्याकरण पक्के असले की परभाषा हलकी जाते, असे मानणारी मंडळी पुष्कळ आहेत. शाळेत संस्कृत घेतले असेल तर जर्मन जड जात नाही, हे पुण्यात नेहमी ऐकू येते. दुसरी मंडळी विचारतात, व्याकरणाचे पुस्तक न उघडता माणसे चार-चार भाषा बोलतात त्याचे काय? दोन्ही बाजू खरे बोलतात, फक्त दोघांच्या डोळ्यांपुढची माणसे वेगळी आहेत.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला सांगली जिल्ह्यातला आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कुपवाडच्या भाषाव्यवहारावर १९७१ मध्ये लिहिलेला निबंध आजही जगभर भाषाविज्ञानाचे विद्यार्थी वाचतात. त्या गावात मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, हा रोजचा व्यवहार. अभ्यासकांना असे आढळले की प्रत्येक भाषेचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येते. तेव्हा व्याकरण न शिकता माणसे बहुभाषिक होतात हे खरे, पण कुपवाडकरांनी ते साधले ते व्याकरणांमधला फरकच झिजवून टाकून. त्याला अनेक पिढ्या लागल्या आणि तीनही भाषा रोज तोंडात होत्या. आठवड्यातून तीन संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाणाऱ्या नोकरदाराला ही सोय नाही. जर्मन त्याच्याकडे इंचभरही सरकणार नाही.

लहान मुलांचा दाखलाही या वादात सारखा दिला जातो. तो बाजूलाच ठेवलेला बरा. चार वर्षांच्या मुलाला मातृभाषेचेही व्याकरण 'माहीत' नसते आणि परभाषेचेही. त्याच्यापाशी दिवसाचे बारा तास असतात, शिवाय चुकल्यावर कोणी हसत नाही. प्रश्न खरा आहे तो मोठ्यांचा आणि वर्गात बसून शिकणाऱ्यांचा.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर कित्येक शतके गृहीतच धरलेले होते. इंग्लंडातल्या एल्फ्रिक या मठवासीयाने इ.स. १००० च्या सुमारास लॅटिनचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले आणि त्यातून दोन्ही भाषांची ओळख होईल असे प्रस्तावनेत सांगितले. आपल्याकडचा क्रम उलटा आहे. गोव्यात हयात घालवलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने लॅटिनच्या चौकटीत कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोलला छापले गेले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ चे. ही पुस्तके परक्यांच्या सोयीसाठी होती. मराठी माणसाने मराठी मुलांसाठी लिहिलेले दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. पुढे संस्कृतचा साचा घट्ट बसला. मोरो केशव दामल्यांचा १९११ चा ग्रंथ या दोन्ही साच्यांशी झुंज घेत घेतच मोठा झाला आहे. म्हणजे आपल्याला मातृभाषेचे व्याकरण परभाषांच्या खिडकीतून दिसले. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात ही वाहतूक दुहेरी असल्याचे मांडले होते: परभाषा शिकताना मूल स्वतःच्या भाषेकडे जाणीवपूर्वक पाहू लागते, आणि परभाषेतली प्रगती मातृभाषेतल्या प्रौढपणावर अवलंबून असते.

युरोपातल्या त्या गृहीताला पहिला मोठा धक्का १८८२ मध्ये बसला. व्हिल्हेल्म फिएटोर या जर्मन अध्यापकाने भाषाशिक्षणाने आता उलट फिरले पाहिजे अशी हाक देणारी पुस्तिका काढली. नियम, कोष्टके आणि सुटी वाक्ये भाषांतरित करणे यांवर त्याचा राग होता. विसाव्या शतकात हा राग वाढतच गेला. स्टीव्हन क्रॅशन यांनी १९८० च्या आसपास असा सिद्धान्त मांडला की ऐकून-वाचून नकळत मुरलेली भाषाच बोलताना कामी येते. शिकलेले नियम फार तर वाक्य तपासायला उपयोगी. आपल्या शेजारी बंगळूर आणि मद्रासच्या शाळांत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात व्याकरण न शिकवता, नकाशे वाचणे, वेळापत्रकातून गाडी शोधणे अशा कामांतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याचे मूल्यमापन करून, थोडे हात राखून का होईना, तो यशस्वी ठरवला. पण हे सगळे परभाषेच्या व्याकरणाबद्दल झाले. मातृभाषेच्या व्याकरणाचा प्रश्न त्यात वाहून गेला, आणि तो वेगळा विचारणारे संशोधन फार थोडे आहे.

त्यातले तीन धागे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला ब्रिटनमधला. तिथे १९६० नंतर शाळांतून इंग्रजी व्याकरण जवळजवळ हद्दपार झाले, आणि विद्यापीठांतले फ्रेंच-जर्मनचे प्राध्यापक कुरकुरू लागले की मुलांना क्रियापद म्हणजे काय तेही ठाऊक नसते. ही कुरकुर खरी मानून चार्ल्स आल्डरसन आणि सहकाऱ्यांनी फ्रेंचच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. १९९७ मध्ये निष्कर्ष आला तो प्राध्यापकांना न आवडणारा. व्याकरणाच्या संज्ञा आणि नियम सांगता येणे एकीकडे, फ्रेंच प्रत्यक्ष येणे दुसरीकडे. दोहोंचा संबंध क्षीण. पुढे जर्मनच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात हा संबंध बराच घट्ट निघाला, पण तिथे मोजले ते जर्मनच्याच नियमांचे ज्ञान.

दुसरा धागा अमेरिकेतल्या रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शॉ यांचा. मुलांचा पहिलीपासून दहावीपर्यंत मागोवा घेतल्यावर त्यांना दिसले की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे वाचन, शब्दलेखन आणि शब्दसंपत्ती ज्यांची चांगली, ती मुले पुढे परभाषेतही पुढे असतात. मराठी माध्यमाच्या बाजूने बोलणारे हा निष्कर्ष आनंदाने उचलतील आणि उचलावाच. मात्र हे मातृभाषेच्या प्रभुत्वाबद्दल आहे. विभक्तीचे तक्ते पाठ असण्याबद्दल नाही.

तिसरा धागा सर्वांत नेमका. केव्हिन मॅकमॅनस आणि एमा मार्सडेन यांनी २०१७ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचे गट केले. फ्रेंचमध्ये भूतकाळात चालू असलेली किंवा नेहमी घडणारी क्रिया ज्या एका रूपाने दाखवतात, ते रूप शिकवायचे होते. एका गटाला फ्रेंचचे स्पष्टीकरण आणि सराव दिला. दुसऱ्याला तेवढेच देऊन शिवाय तोच अर्थ इंग्रजी कोणकोणत्या रीतीने व्यक्त करते, हे इंग्रजी वाक्यांवरून दाखवले. दुसऱ्या गटाची प्रगती सरस ठरली, आणि काही आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीतही ती टिकून होती. इथे इंग्रजीचे अख्खे व्याकरण कोणी शिकवले नव्हते. जिथे दोन भाषांची वाट फुटते त्या एका वळणावर आपल्या भाषेचे बोट धरून उभे केले, एवढेच.

हे तीन धागे एकत्र ठेवले की माझे मत असे होते: मातृभाषेच्या व्याकरणाची नावे पाठ असण्याने परभाषेत फारसे काही होत नाही. आपण रोज बोलतो ते वाक्य समोर ठेवून त्यात कोण काय करतो आहे हे पाहता येणे, ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचा उपयोग भरपूर होतो. मराठी माणसाला तर तो इंग्रजीभाषकाहून जास्त व्हायला हवा. का, ते उदाहरणांनीच दिसेल.

स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो, आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. इंग्रजीभाषकाला हे वाक्य डोक्यावर उभे असल्यासारखे वाटते, कारण त्याच्या भाषेत आवडून घेणारा कर्ता असतो. मराठीत मात्र ते जसेच्या तसे आहे. 'मला' हा कर्त्याच्या जागी दिसतो, पण क्रियापद आंब्यांच्या वचनाप्रमाणे बदलते. तरीही पुण्या-मुंबईतले विद्यार्थी सुरुवातीला 'मे गुस्ता लोस मांगोस' अशी चूक करताना आढळतात, कारण हे वाक्य त्यांच्यापुढे इंग्रजीतून येते. 'आवडतो' आणि 'आवडतात' यांतला फरक ते दिवसभर बिनचूक करतात. तो आपण करतो हे त्यांच्या लक्षात कोणी आणून दिलेले नसते.

जपानीत 'वाताशी वा निहोन्गो गा वाकारिमासु' म्हणजे मला जपानी समजते. 'गा' हा प्रत्यय जपानी भाषेला का लागला आणि बोलणाऱ्याला का नाही, यावर इंग्रजी पुस्तकांत पानेच्या पाने असतात. 'मला जपानी समजते' यात 'समजते' कोणाप्रमाणे चालते, हा प्रश्न स्वतःला विचारणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ती पाने चाळून पुढे जाता येईल. शब्दांमागून येणारे प्रत्यय, शेवटी येणारे क्रियापद हेही आपल्या घरचेच. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेने जपानीला सर्वांत अवघड गटात घालून तिला सुमारे २२०० तास नेमले आहेत. हा आकडा इंग्रजीभाषकांचा आहे. तो पाहून आपण घाबरायचे ते लिपीपुरते, वाक्यरचनेपुरते नव्हे.

फ्रेंचमधला एक नियम तर मराठी मुलाला पाहताक्षणी ओळखीचा वाटावा. मी लिहिलेले पुस्तक म्हणजे 'ल लिव्र क झे एक्री' आणि मी लिहिलेली चिठ्ठी म्हणजे 'ला लेत्र क झे एक्रीत'. कर्म आधी आले की धातुसाधित त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंच शाळकरी मुलेदेखील यात अडखळतात. आपल्याकडे 'मी पुस्तक लिहिले', 'मी चिठ्ठी लिहिली' हा कर्मणी प्रयोग पोर बोबडे बोलत असल्यापासून करते. हीच गत 'त्याची बहीण' आणि 'तिचा भाऊ' यांची. क्युबेकमधल्या फ्रेंचभाषक मुलांना इंग्रजीत 'त्याचा' की 'तिचा' हे ठरवताना हमखास गोंधळ होतो, कारण फ्रेंचमध्ये स्वामित्वदर्शक शब्द वस्तूच्या लिंगाकडे पाहतो आणि इंग्रजीत मालकाच्या. तिथे नियम उघड करून सांगितल्यावर चुका कमी झाल्याचे अभ्यास आहेत. मराठी एकाच शब्दात दोन्हीकडे पाहते: 'ति-' मालकिणीकडे, '-चा' भावाकडे. फ्रेंच असो की इंग्रजी, अर्धे काम आपले आधीच झालेले असते.

आता जर्मनकडे वळू, कारण नावे पाठ असण्याचा धोका तिथे चांगला दिसतो. 'मी त्या माणसाला पाहतो' हे जर्मनमध्ये 'इश झेहे डेन मान', आणि 'मी त्या माणसाला पुस्तक देतो' हे 'इश गेबे डेम मान आइन बूख'. मराठीत दोन्हीकडे 'माणसाला'; जर्मनमध्ये एकदा 'डेन', एकदा 'डेम'. प्रत्यय पाहून विभक्ती सांगायला शिकलेला विद्यार्थी 'ला' म्हणजे द्वितीया किंवा चतुर्थी एवढ्यावर थांबतो. पुढचे उदाहरण आणखी वाकडे. 'मी टेबल पाहतो' यात टेबलाला प्रत्ययच नाही, म्हणून शाळेतल्या उत्तरपत्रिकेत त्याची विभक्ती प्रथमा. ती प्रथमा घेऊन तो जर्मनमध्ये गेला की 'डेर टिश' म्हणणार आणि चुकणार, कारण तिथे 'डेन टिश' हवे. उलट माणसाला पाहिले जाते, टेबल पाहिले जाते, आणि पुस्तक ज्याला मिळते तो तिसराच, एवढे ज्याला दिसते त्याची वाट मोकळी. गंमत अशी की हा फरक आपल्या परंपरेला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे. पाणिनीने विभक्ती आणि कारक वेगळे ठेवले: एक शब्दाचे रूप, दुसरे त्याचे क्रियेशी असलेले नाते. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत कारकार्थ येतो, पण स, ला, ते आणि ने, ए, शी यांचा तक्ता पाठ करण्यात तास संपतो. संस्कृतवाल्यांना जर्मन हलकी जात असेल तर ती 'देवः देवौ देवाः' घोकल्यामुळे नसावी. अन्वय लावताना कर्ता कोण, कर्म कोण हे सतत शोधावे लागते, त्या सवयीमुळे असावी. शिवाय दहावीला संस्कृत घेणारी मुले मुळात अभ्यासू असतात, हेही हिशेबात धरले पाहिजे.

शेजारच्या हिंदीतही हेच चालते. मराठी माणूस 'मैं खाना खाया' म्हणतो आणि दिल्लीवाला हसतो. मराठीत 'त्याने खाल्ले' असे असले तरी 'मीने खाल्ले' नाही. 'मी खाल्ले' यातला 'मी' तृतीयेतला आहे, जुन्या भाषेत त्याचे 'म्या' असे रूपही होते, हे एकदा कळले की 'मैंने' कुठून आले ते विचारावे लागत नाही.

मातृभाषा कुठे हात देत नाही, तेही सांगायला हवे. इंग्रजी उपपदांपुढे मराठी गप्प आहे. सारखी नावे तर फसवतातच: 'पूर्ण वर्तमानकाळ' दोन्ही भाषांत आहे, पण 'मी त्याला काल भेटलोय' हे मराठीत चालते आणि त्याच काळात केलेले इंग्रजी वाक्य 'काल'मुळे चुकते. उच्चारांना व्याकरण मदत करत नाही, आणि बोलण्याच्या वेगाला तर ते आडवेच येते. स्टेशनवर तिकीट मागताना कारक शोधत बसलेल्याची गाडी सुटते. व्याकरणाची नजर उपयोगी पडते ती पहिल्या दोन-तीन टप्प्यांत, वाचताना, लिहिताना आणि त्याच त्या चुकीतून बाहेर पडताना. त्यापुढे कान आणि तोंड यांचे काम.

आपल्या शाळांत हा प्रश्न आणखी एका कारणाने अडला आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. पूर्वी ती पाचवीत येई. पाचवीतल्या मुलाला मराठी वाक्य उलगडून दाखवून इंग्रजी शिकवता येत असे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याच विश्वासावर उभी होती: मराठी वाक्य समोर, शेजारी इंग्रजी, आणि दोहोंतला फरक नियमात. तिच्यात रटाळपणा पुष्कळ होता, पण तिने मराठी मुलाला मराठीतून उचलले. सहा वर्षांच्या मुलाला असे शिकवता येत नाही, ते योग्यही नाही. मग निदान सातवी-आठवीत ही तुलना व्हावी, तर तिथे मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. व्याकरणाला खरा बहर येतो तो नंतर, स्पर्धा परीक्षांच्या वर्गात. मो. रा. वाळंब्यांचे पुस्तक तेव्हा हातात येते, आणि चार पर्यायांतून प्रयोग ओळखण्याचा वेग वाढतो. इतक्या लोकांनी इतके व्याकरण वाचावे आणि त्यातले काहीच दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडू नये, याला उधळपट्टी म्हणतात.

पुण्या-मुंबईतल्या परभाषांच्या वर्गांत तर मराठी दारातच चपलांबरोबर राहते. शिकणारे मराठी, शिकवणारे बहुधा मराठी, पण पुस्तक इंग्रजीभाषकासाठी किंवा युरोपातल्या कोणासाठीही लिहिलेले. त्यात आपल्याला सोपे ते अवघड म्हणून विस्ताराने येते आणि आपल्याला अवघड ते सोपे म्हणून दोन ओळींत उरकते. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, जपानी शिकवणाऱ्यांनी सुरुवातीच्या महिन्यात रोज एक मराठी वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यात कोण काय करते ते मुलांकडून काढून घ्यावे. संज्ञा वापरल्या नाहीत तरी चालतील. आणि प्रकाशकांनी या भाषांसाठी मराठीतून नव्या पाठमाला काढाव्यात, त्या लिहिताना जर्मन किंवा जपानी उत्तम येणाऱ्याच्या शेजारी मराठी व्याकरण जाणणारा एक माणूस मानधन देऊन बसवावा.